१८५३ सालची मुंबई: काय वाचू, कुठे जाऊ?

चाळकरी_धाकटा
मंडळी, गणपतीत आमच्या चाळीत तासाभराची एकांकिका करायची आहे. विषय १८५३ सालची मुंबई, शेवट अर्थातच पहिल्या आगगाडीवर. १६ एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, चारशे पाहुणे, २१ तोफा, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं हे सगळं पाठ झालंय. पण त्या वर्षी शहरात बाकी काय चाललं होतं? सुरुवात कुठून करू? विकिपीडिया बघून झालाय, तो सल्ला नको.

फोर्टातली_मावशी
आधी जे नव्हतं ते खोडून टाक बाळा. व्हीटीची इमारत नव्हती, तिचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं. विद्यापीठ नाही (१८५७), विहारचं पाणी नाही, रस्त्यावर गॅसचे दिवे नाहीत. हॉर्निमन सर्कलच्या जागी उघडं मैदान होतं. आणि कोटाची तटबंदी शाबूत होती हे विसरू नकोस, ती १८६० नंतर पाडली. 'फोर्ट' हा शब्द तेव्हा खराखुरा होता. पडद्यावर गेटवे रंगवलास तर पहिल्या रांगेतून मी उठून जाईन.

दर्यावर्दी
प्रिन्सेस डॉक आणि ससून डॉकही खोडा. दोन्ही १८७० नंतरचे. मोठी जहाजं बंदरात नांगर टाकून उभी आणि माणसं होडीतून अपोलो बंदरावर, असं दाखवा. माल पाहिजे तर कापूस आणि अफू. अफूचं नाव घ्यायला लाजू नका, चीनच्या त्या व्यापारावरच कितीतरी पेढ्या उभ्या राहिल्या.

ग्रंथपाल_निवृत्त
तुमचा शेवट चुकतोय असं मला वाटतं. गाडी एप्रिलमध्ये सुटली, पुढे आठ महिने शहर झोपलं नव्हतं.

मी असतो तर नाटकापासून सुरुवात केली असती. सांगलीच्या चिंतामणरावांच्या पदरी असताना विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभं केलं. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय तुटला, म्हणून भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत आले. ग्रँट रोडचं थिएटर नाना शंकरशेटांच्या जागेवर होतं आणि ते कोटापासून लांब. साहेब प्रेक्षक तिकडे फिरकेनासा झाला, तेव्हा मराठी, हिंदी, गुजराती नाटकांनी ते भरून काढलं. पारशी नाटक मंडळीचा पहिला खेळही त्याच वर्षीचा, ऑक्टोबरातला. राजाच्या पंक्तीतून निघालेलं नाटक तिकीट लावून पोट भरायला लागलं. म्हणजे त्या वर्षी मुंबईकर दोन नव्या खिडक्यांवर उभा राहायला शिकला, गाडीच्या आणि नाटकाच्या.

दुसरा धागा राजकारणाचा. २६ ऑगस्ट १८५२ ला बाँबे असोसिएशन निघाली. नाना त्यात, भाऊ दाजी चिटणीस. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण १८५३ मध्ये होतं, त्याआधी पार्लमेंटला अर्ज गेला: कायदेमंडळात हिंदी माणसं घ्या, कारभाराचा खर्च आवरा, मोठ्या जागा आम्हालाही द्या. कायद्यात यातलं फारसं काही उतरलं नाही. एकच नाना अर्जात, रेल्वेत आणि थिएटरात सापडतात. एकांकिकेला याहून सोयीचं पात्र कुठे मिळणार?

वाचायला गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' घ्या. आहे १८६३ चं, पण माणूस त्याच शहरात वावरलेला. वर्तमानपत्रांत भाऊ महाजनांचा 'प्रभाकर'. 'धूमकेतू'ही त्यांनी १८५३ मध्येच काढला. जुने अंक आणि पुस्तकं एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनीवर शोधा. सरकारी कागद हवेत तर पुराभिलेखागार, काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. एका वाचनालयात मला जुनी फाईल देताना 'परवा या' असं सहा वेळा सांगितलं गेलं, म्हणून डबा आणि धीर दोन्ही सोबत ठेवा.

टवाळ_तात्या
परवा म्हणजे कोणत्या शतकातला ते विचारायचं राहिलं.

आपा_वाडकर
मला हे जरा गोडगोड वाटतंय. १८५१ मध्ये छापलेल्या एका चित्रावरून पारशी-मुसलमान दंगल झाली होती, तिला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच साली निघालेल्या 'रास्त गोफ्तार' या वर्तमानपत्रातून दादाभाई नौरोजी आपल्याच पारशी समाजातल्या बड्या शेटियांना झोडपत होते. परमहंस सभेचे लोक जातपात मोडायला बंद दाराआड जमत. सगळे कौतुकाने गाडी बघतायत असं दाखवू नका.

फोर्टातली_मावशी
आपा, बरोबर. अजून एक: त्या दिवशी गाडीत गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फॉकलंड होत्या, गव्हर्नरसाहेब नव्हते. तोच प्रसंग घे, हशा पिकेल.

चाळकरी_धाकटा
काका, मावशी, सगळ्यांचे आभार. गाडी मध्यावर आणतोय, शेवटचा प्रवेश ग्रँट रोडच्या तिकीटखिडकीवर. नाना करायला आमच्या मजल्यावरचे वकीलकाका तयार आहेत, फक्त मिशा काढणार नाहीत म्हणतात. नानांना मिशा होत्या ना?

टवाळ_तात्या
पुतळा एशियाटिकमध्येच आहे. ग्रंथसंजीवनीला जाशील तेव्हा बघून ये.

ग्रंथपाल_निवृत्त
तात्या, ती वेबसाइट आहे.