यहुदी धर्मविचारावर झरथुष्ट्री प्रभाव किती?

मूळ मत
इ.स.पू. ५३९ मध्ये इराणी सम्राट कुरुशाने (सायरसने) बाबिलोन जिंकले आणि निर्वासित यहुद्यांना जेरुसलेमला परतण्याची मोकळीक दिली. पुढची दोन शतके ते कुरुशाच्या हखामनी (इराणी) साम्राज्याची प्रजा होते, आणि त्यानंतरच्या त्यांच्या ग्रंथांत सैतान, देवदूतांची उतरंड व मृतांचे पुनरुत्थान ठळक होत जाते. दावीद राजाच्या, पाप ठरलेल्या शिरगणतीची कथा यासाठी फार बोलकी आहे. बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात परमेश्वरच दावीदाला शिरगणतीस प्रवृत्त करतो. निर्वासनानंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तेच काम सैतान करतो. वाईटाचे मूळ ईश्वराबाहेर शोधण्याची ही दृष्टी झरथुष्ट्राच्या गाथांतील (त्याच्या स्तोत्रांतील) दोन परस्परविरोधी मैन्यूंच्या, म्हणजे आत्म्यांच्या, शिकवणुकीतून आली, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
कालक्रम जुळला म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही. जगाच्या अंताचे झरथुष्ट्री वर्णन सविस्तरपणे मिळते ते बुंदहिश्नसारख्या पहलवी (मध्ययुगीन इराणी भाषेतील) ग्रंथांत, आणि त्यांना आजचे रूप आले ते इस्लामी राजवटीत, इ.स.च्या नवव्या शतकाच्या सुमारास. मग प्रवाह उलट दिशेने वाहिला नसेल कशावरून? बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील पुनरुत्थान इ.स.पू. १६५ च्या सुमारचे, म्हणजे ग्रीक राजा अंतियोखस चौथा यहुद्यांचा छळ करीत होता त्या काळातले आहे. धर्मासाठी मेलेल्यांना न्याय कधी मिळणार, हा प्रश्न त्या समाजाला स्वतःच्याच दुःखातून पडला होता. शिवाय बाबिलोनमध्ये सापडलेल्या मृत्तिकालेखात कुरुश बाबिलोनच्या मर्दुक देवाचा गौरव करतो, झरथुष्ट्री धर्मातील ईश्वर अहुर मज्दाचे नावही घेत नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
तो लेख बाबिलोनी प्रजेसाठी, तिथल्याच परंपरेत लिहिलेला आहे; त्यावरून इराणी श्रद्धेचे माप काढता येत नाही. पहलवी ग्रंथ उशिराचे असले तरी कल्पना जुनी आहे. मगांच्या (इराणी पुरोहितांच्या) मते माणसे पुन्हा जिवंत होतील, हे इ.स.पू. चौथ्या शतकातील ग्रीक इतिहासकार थिओपॉम्पसने नोंदवल्याचे नंतरचे ग्रीक लेखक सांगतात, आणि ही नोंद दानीएलाच्या पुष्कळ आधीची आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या एका यहुदी पंथाच्या नियमांत सत्याचा आत्मा व असत्याचा आत्मा यांची जी शिकवण आहे, ती वाचताना गाथा आठवल्याशिवाय राहत नाहीत.

प्रतिसाद २
कुमरानच्या त्या शिकवणुकीत दोन्ही आत्मे एकाच देवाने निर्माण केले आहेत, हे विसरू नये. मला बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पंचेचाळिसावा अध्याय अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या अध्यायात कुरुशाला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे, त्यातच प्रकाश आणि अंधार दोन्ही आपणच उत्पन्न करतो, असे परमेश्वर बजावतो. संदेष्ट्याने इराणी द्वैत ऐकले होते आणि ते जाणूनबुजून नाकारले, असा याचा अर्थ मी लावतो.

प्रतिसाद १
हा अर्थ आकर्षक आहे, परंतु लगेच पुढच्या अध्यायात संदेष्टा नावे घेऊन ज्यांची अप्रतिष्ठा करतो ते बेल आणि नबो हे बाबिलोनचे देव आहेत. इराणी देवतेचे किंवा दुष्ट शक्तीचे नाव त्या साऱ्या प्रकरणात कुठेच नाही, आणि ते का नाही याचे उत्तर प्रभाववाद्यांनी आधी द्यायला हवे.