अनुभव धागा: जे-१ वर आलात, आता एसएसएन

कडीपत्ता
फाईल आवरताना ते निळसर कागदाचं सोशल सिक्युरिटीचं कार्ड हाताला लागलं आणि लक्षात आलं, ऑगस्ट आला, नवी मंडळी उतरतील आणि तेच प्रश्न पुन्हा. म्हणून हा धागा: अमेरिकेत जे-१ (एक्सचेंज व्हिजिटर) व्हिसावर आल्यावर एसएसएन, म्हणजे पगार आणि करासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर, कसा काढायचा. व्हिजिटिंग स्कॉलर, पोस्टडॉक, फुलब्राइट शिष्यवृत्तीवाले, सगळ्यांनी लिहा. रामकहाणी नको, कुठे काय अडतं तेवढंच.

माझ्याकडून सुरुवात. अर्जाचा फॉर्म एसएस-५, फी शून्य. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती एजंटची समजा. मूळ कागद तीन: पासपोर्ट, डीएस-२०१९ (प्रोग्रामच्या स्पॉन्सरने दिलेला जे-१ चा फॉर्म), आय-९४ (देशात आल्याची नोंद) ची प्रिंट. पासपोर्ट आणि डीएस-२०१९ च्या झेरॉक्स, नोटरीच्या प्रती घेत नाहीत, आपलं ट्रू कॉपीचं वेड इथे उपयोगाचं नाही. जे-१ मध्ये 'स्टुडंट' असाल तर स्पॉन्सरचं पत्र लागतं. रिसर्च स्कॉलर, प्रोफेसर, शॉर्ट-टर्म स्कॉलर यांना सहसा लागत नाही, पण इंटरनॅशनल ऑफिस देत असेल तर घेऊन ठेवा. खिडकीवरच्या माणसाला प्रत्येक वेळी हा फरक माहीत असतोच असं नाही.

आणि उतरल्या उतरल्या पळू नका.

खानदेशी_मांडे
+१ शेवटच्या वाक्याला. निदान १० दिवस थांबा. सोशल सिक्युरिटीवाले तुमचे कागद बघून नंबर देत नाहीत, होमलँड सिक्युरिटीच्या (डीएचएस, अमेरिकेचं गृहसुरक्षा खातं) नोंदीशी ताडून बघतात. ती नोंद जुळायला दोन गोष्टी लागतात: आय-९४ त्यांच्या यंत्रणेत दिसणं, आणि सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थी-स्कॉलरांची सरकारी नोंद-यंत्रणा) तुमचा रेकॉर्ड 'अ‍ॅक्टिव्ह' होणं. दुसरं काम विद्यापीठ करतं, तेही तुम्ही तिथे चेक-इन (पोचल्याची नोंद) केल्यावर. त्यांना प्रोग्राम सुरू झाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते आणि काही ठिकाणी ती पुरेपूर वापरतात. त्यामुळे क्रम असा: चेक-इन, मग ईमेल करून 'सेव्हिस व्हॅलिडेट झालं का?' विचारा, 'हो' आलं की अर्ज. डीएस-२०१९ वरची सुरुवातीची तारीख उलटलेली हवी हेही बघा.

आधी गेलं तर अर्ज घेतातही, पण मग तो पडताळणीत जाऊन बसतो. ४ दिवस वाचवायला जाऊन ४ आठवडे जातात.

भाकरीचा_चंद्र
पोळ्या करता करता लिहितेय, चुका पोटात घाला.
आय-९४ विमानतळावर कागदावर मिळत नाही, २०१३ पासून ऑनलाइन. सीबीपीच्या (विमानतळावर शिक्का मारणारं सीमा खातं) साइटवरून काढायचं. काढल्यावर लगेच ३ गोष्टी बघा: क्लास 'जे१' आहे का (जुना बी१/बी२, म्हणजे बिझनेस-पर्यटन व्हिसाही पासपोर्टात असेल तर कधी तोच पडतो), मुदतीच्या जागी 'डी/एस' (ठरावीक तारीख नाही, प्रोग्राम चालेपर्यंत) आहे का, आणि नाव-आडनाव उलटसुलट झालंय का. चूक असेल तर सोशल सिक्युरिटीच्या खिडकीवर भांडून उपयोग नाही, ती सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसातच दुरुस्त होते. एसएसएनची पायरी नंतर.

आमसूल
नावावरून. आपल्या पासपोर्टात गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव एकत्र असतं. एसएस-५ वर फर्स्ट, मिडल, लास्ट वेगळे रकाने. इथे लोक गोंधळतात. सोशल सिक्युरिटीच्या लेखी कायदेशीर नाव म्हणजे पहिलं आणि आडनाव, मधलं त्यात धरत नाहीत. पण पगारपत्रक, बँक, लायसन्स सगळीकडे एकच रूप ठेवा. एकीकडे वडिलांचं नाव मिडल आणि दुसरीकडे फर्स्टलाच चिकटलेलं, असं झालं की पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं.
पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर फर्स्ट नेम 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापतात. मग कार्डावरही 'एफएनयू' येऊ शकतं. तो इलाज भारतातच, पासपोर्ट बदलून, व्हिसाच्या आधी.

खानदेशी_मांडे
आणि आईचं नाव! फॉर्म विचारतो आईचं *जन्माच्या वेळचं* नाव. सासरचं नाही.

तिरफळ
आमच्याकडे लग्नात नावच बदललेलं, मग? माहेरी कुसुम, सासरी वैशाली टाइप.

खानदेशी_मांडे
मग कुसुम आणि माहेरचं आडनाव. पुरावा मागत नाहीत, पण पुढे कार्ड हरवलं की ओळख पटवायला हाच प्रश्न येतो. तेव्हा जे लिहिलं ते कुठेतरी टिपून ठेवा. आईवडिलांच्या एसएसएनच्या जागी 'अननोन'वर खूण.

तिरफळ
आजीला फोन करावा लागणार. तिने ५० वर्षांपूर्वीचं सगळं वऱ्हाड काढलं नाही म्हणजे मिळवली.

भाकरीचा_चंद्र
काढेल. मुंडावळ्यांपासून सुरू होईल.

विदर्भ_एक्स्प्रेस
तारखा!!! आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्ट म्हणजे ०८/०५. जन्मतारीख १२ च्या आतली असेल तर चूक कोणाच्या लक्षात येत नाही आणि मग होमलँडच्या नोंदीशी जुळत नाही. नागरिकत्वाच्या रकान्यात 'लीगल एलियन अलाउड टू वर्क'. त्याच्या शेजारचं 'नॉट अलाउड' टिक करून लोक परत फिरलेत.

कडीपत्ता
@विदर्भ_एक्स्प्रेस, सोन्यासारखा मुद्दा. शिवाय जन्मस्थळ पूर्ण लिहा, 'पुणे, महा.' नाही.
अर्ज आता ऑनलाइन सुरू करता येतो, पण तेवढ्याने भागत नाही. ४५ दिवसांच्या आत मूळ कागद घेऊन ऑफिसात जावंच लागतं. १२ किंवा त्याहून जास्त वर्षांच्या कोणाचाही पहिला नंबर, एसएस-५ ने अर्ज केला तर, प्रत्यक्ष गेल्याशिवाय निघत नाही. जानेवारी २०२५ पासून ऑफिसातल्या कामाला आधी अपॉइंटमेंट घ्यायला सांगतात, तेव्हा सकाळी लवकर जाऊन रांग धरू हा आपला हिशेब सोडा.

नाचणी_सत्व
माझा प्रश्न वेगळा. नंबर हातात नसताना पगार सुरू होतो का? एचआर म्हणतंय नंबर आणा मगच.

आमसूल
कायद्याने काम सुरू करता येतं. आय-९ फॉर्म (कामाची परवानगी तपासायचा) पहिल्या दिवशी आणि कागद ३ कामाच्या दिवसांत दाखवायचे, त्याला पासपोर्ट, आय-९४, डीएस-२०१९ पुरतात. अर्ज दिल्याची पावती खिडकीवर मागून घ्या, एचआरला तीच दाखवा. विद्यापीठाचं पेरोल सॉफ्टवेअर अडत असेल तर तो त्यांचा प्रश्न, मार्ग असतो. इंटरनॅशनल ऑफिसला मध्ये घाला.
पावतीशिवाय खिडकी सोडू नका, हे ठळक अक्षरांत समजा.

नाचणी_सत्व
धन्यवाद ताई. आत्ताच ईमेल ठोकते.

सोलकढी_२
फिका (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठीची पगारातली कपात) कापू देऊ नका. जे-१ स्कॉलर सहसा पहिली २ कॅलेंडर वर्षं (मागच्या ६ पैकी) करासाठी नॉन-रेसिडेंट. तोवर सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के लागू नाहीत. कॅलेंडर वर्षं बरं का, डिसेंबरात आलात तर १५ दिवसांतच एक वर्ष खर्ची. कापलेच तर आधी एम्प्लॉयरकडे मागा, त्यांनी नाही दिले तर परताव्यासाठी फॉर्म ८४३.
भारत-अमेरिका कर-कराराचं कलम २२ वेगळं. शिकवणं-संशोधनाच्या उत्पन्नाला २ वर्षांपर्यंत आयकरात सूट, फॉर्म ८२३३ भरून, त्यावर नंबर लागतो. मेख अशी की मुक्काम २ वर्षांच्या पुढे गेला तर सूट पहिल्या दिवसापासून जाते आणि मागचा सगळा कर भरावा लागतो. ३ वर्षांचा डीएस-२०१९ असेल तर मोह आवरा.

विदर्भ_एक्स्प्रेस
हे कलम २२ वेगळ्या धाग्याच्या लायकीचं आहे भाऊ. काढाच.

सोलकढी_२
मार्चमध्ये. तोवर कोणी वाचणार नाही.

जे२_ची_बायको
नवरा जे-१, मी जे-२, म्हणजे त्याच्यासोबत आलेली. मला नंबर?

भाकरीचा_चंद्र
ईएडी (कामाचा परवाना) आल्यावरच. त्यासाठी आय-७६५ भरताना त्याच फॉर्ममध्ये एसएसएनही मागता येतो, म्हणजे वेगळी चक्कर नाही. ईएडीशिवाय गेलात तर नकाराचं पत्र मिळतं, एल६७६. ते टाकू नका हं, काही राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सला हेच पत्र मागतात.

आमसूल
आणि बी-१ वर व्याख्यानाला आलेल्या सरांना मानधन असेल तर एसएसएन नाही, आयटीआयएन (फक्त करासाठीचा नंबर). ९ ने सुरू होणारा नंबर दिसला की तो आयटीआयएन, एसएसएन कधीच ९ ने सुरू होत नाही.

तिरफळ
पहिल्या ३ आकड्यांवरून राज्य कळतं म्हणे?

आमसूल
कळायचं. २५ जून २०११ पासून नंबर सरमिसळ पद्धतीने देतात.

विदर्भ_एक्स्प्रेस
अवांतर: १९३८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टच्या एका कारखान्याने पाकिटात नमुन्याचं कार्ड घातलं, त्यावर कंपनीतल्या सेक्रेटरीबाईंचा खरा नंबर. वूलवर्थच्या दुकानांत ती पाकिटं खपली आणि ४० हजारांवर लोकांनी तो नंबर आपलाच म्हणून वापरला. १९४३ मध्ये एका वर्षात ५,७५५ जण. बाईंना शेवटी नवा नंबर द्यावा लागला.

जे२_ची_बायको
😂 बिचारी

कडीपत्ता
गाडी रुळावर. कार्ड टपालाने येतं, साधारण २ आठवडे धरा. पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवा. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव असेल तर पोस्टमन पाकीट परत पाठवतो, आणि शेअरिंगमध्ये हेच सर्रास होतं. जागा बदलायची असेल तर कायमचा पत्ता मिळेपर्यंत विभागाचा पत्ता चालतो का ते आधी विचारा.
कार्डावर 'डीएचएसच्या परवानगीनेच कामासाठी वैध' अशा अर्थाची ओळ इंग्रजीत असेल, ती चूक नाही. आणि पूर्वी कधी नंबर मिळालेला असेल (विद्यार्थी म्हणून वगैरे) तर तोच जन्मभर. नवा मागू नका, फॉर्ममध्ये 'आधी मिळाला होता'वर हो म्हणा.

खानदेशी_मांडे
'तुमचा नंबर सस्पेंड झालाय' असा फोन आला की ठेवून द्या. नंबर सस्पेंड होत नसतो.

नाचणी_सत्व
आलेलं कार्ड लॅमिनेट करून पाकिटात ठेवायचं ना?

कडीपत्ता
दोन्ही नाही. लॅमिनेट करू नका असं तेच सांगतात. पाकिटातही नको, घरी फाईलीत. नंबर पाठ करा.

तिरफळ
अर्रर्र. आमच्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून रेशनकार्डापर्यंत सगळं लॅमिनेट. नवरोबांचंही कालच करून आणलं.

आमसूल
बदली कार्ड फुकट मिळतं. वर्षाला ३, जन्मभरात १०.

तिरफळ
१० पुरतील का बघते, आमचे हे छत्र्यासुद्धा वर्षाला ४ हरवतात.