मदत हवी आहे: गूगलवरच्या लिस्टिंगमध्ये व्यवसायाचं नाव बदलायचं आहे, जुने रिव्ह्यू राहतील ना?

लंबक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमचं घड्याळदुरुस्तीचं काम आहे. बाबांनी आणि त्यांच्या मित्राने मिळून सुरू केलेलं. त्या मित्राला मी लहानपणापासून काकाच म्हणते. व्यवसायाचं नाव दोघांच्या आडनावांचं होतं. यंदा काका निवृत्त झाले, भागीदारीचे कागद रीतसर पूर्ण झाले, आणि आता पाटीवर माझं नाव ठेवू नका असं त्यांनीच सांगितलं. वाद कसलाच नाही. नवं नाव ठरलं, त्याची नोंदणीही झाली. जागा तीच, फोन तोच, काम तेच. आता बाबा आणि मी.

गाडी अडली आहे ती गूगलच्या लिस्टिंगपाशी. तिथे साडेतीनशेच्या आसपास रिव्ह्यू आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना बाबांनी स्वतः उत्तरं दिली आहेत, एका बोटाने टाइप करून. कुणाच्या आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं, कुणाला सांगितलं की हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, पैसे वाया घालवू नका. हे सगळं नाव बदलल्यावर पुसलं जाईल अशी बाबांना धास्ती आहे. मलाही आहे, म्हणून इथे विचारते.

माझ्या हातून एक चूकही झाली आहे. ओळखीतल्या एका जाहिरातवाल्याने सल्ला दिला की नाव बदलतेच आहेस तर त्यातच ‘घड्याळ दुरुस्ती, बॅटरी, पट्टे, जुनी घड्याळे’ असं सगळं घाल, शोधणाऱ्याला लगेच सापडेल. मी तसं घातलं. ते मंजूर झालं नाही. मग शब्द मागेपुढे करून त्याच संध्याकाळी आणखी दोनदा पाठवलं. तेही नाही. आता पुन्हा काही करायला हात धजत नाही. हे सगळं सोडून नव्या नावाचं नवीन प्रोफाइल उघडू का?

पाऊलवाट

नवीन प्रोफाइल अजिबात उघडू नका. आधी एवढंच, बाकीचं सावकाश.

रिव्ह्यू नावाला चिकटलेले नसतात, प्रोफाइलला चिकटलेले असतात. त्याच प्रोफाइलमध्ये नाव बदललं की रिव्ह्यू, फोटो, बाबांची उत्तरं जिथल्या तिथे राहतात. तुम्ही दुसरं प्रोफाइल उघडलंत तर एकाच जागी, एकाच फोनवर, एकाच कामाच्या दोन नोंदी होतील. ती डुप्लिकेट धरली जाते आणि दोन्ही अडचणीत येऊ शकतात. जुनी ‘कायमची बंद’ करून टाकली तर त्याहून वाईट, कारण इतकी वर्षं जुन्या नावाने शोधणारं गिऱ्हाईक ती ओळ वाचेल आणि तुम्ही गाशा गुंडाळला असं समजेल.

मालक, जागा, धंदा सगळंच बदललं असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा जुने रिव्ह्यू नव्या माणसाच्या कामाबद्दल काही सांगत नाहीत, त्यामुळे नवी नोंद करणंच योग्य. तुमच्याकडे दोघांपैकी एक जण त्याच टेबलाशी बसून तेच काम करतोय. फक्त नाव बदललं आहे, म्हणून फक्त नावच बदला.

निळी शाई

जाहिरातवाल्याचा सल्ला विसरून जा. नावाबाबत गूगलचा नियम सरळ आहे: पाटीवर, वेबसाइटवर, लेटरहेडवर जे नाव आहे आणि ज्या नावाने लोक तुम्हाला ओळखतात, तेवढंच. त्यात घोषवाक्य नको, फोन नंबर नको, वेळा नकोत, परिसराचं नाव नको, सेवांची यादी नको. इंग्रजीत लिहिणार असाल तर सगळी अक्षरं कॅपिटलही नकोत. तुम्ही भरलेले शब्द नेमके याच नियमात अडकले असणार.

असं नाव कधीकधी मंजूर होऊनही जातं, आणि धोका खरा तेव्हाच सुरू होतो. मॅपवर ‘सजेस्ट अॅन एडिट’ करून कोणीही चूक दाखवू शकतो. नाव पुन्हा कापलं जातं, नाहीतर अख्खं प्रोफाइल सस्पेंड होतं. साडेतीनशे रिव्ह्यू असताना हा जुगार कशाला?

पट्टे, बॅटरी, जुनी घड्याळं या सगळ्याला जागा आहे, फक्त ती नावात नाही. कॅटेगरीत ‘घड्याळदुरुस्ती’ निवडा, बाकीचं सेवांच्या यादीत टाका. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात. ‘पूर्वी अमुक नावाने ओळखलं जाणारं’ हे वाक्य त्या वर्णनात लिहा. नावापुढे कंसात ‘पूर्वीचे अमुक’ असं लिहायचा मोह फार जणांना होतो, तो टाळा.

लंबक

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. ‘प्रोफाइलला चिकटलेले असतात’ हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

कंसात ‘पूर्वीचे’ लिहायचं माझ्या मनात होतंच, बरं झालं सांगितलंत.

आता दुसरी अडचण. प्रोफाइल काकांच्या ईमेलवर आहे. मी नुसती मॅनेजर आहे. काका म्हणतात, पासवर्डच घेऊन टाक. तसं करू का? आणि बदल नेमका कुठून करायचा? माझ्या जुन्या फोनवर त्याचं वेगळं ॲप होतं, ते आता सापडत नाही.

कंदील

पासवर्ड घेऊ नका. त्या ईमेलमध्ये काकांची खासगी पत्रं असतील, आणि अनोळखी फोनवरून कोणी लॉगिन केलं की खातंच लॉक व्हायची भीती असते. मालकी बदलायची सोय प्रोफाइलमध्येच आहे. काकांनी त्यांच्या खात्यातून ‘पीपल अँड अॅक्सेस’मध्ये जाऊन तुमचा रोल मॅनेजरवरून ओनर करायचा. एक गोष्ट लक्षात असू द्या: नव्या ओनरला पहिले ७ दिवस इतरांना काढता येत नाही आणि प्रायमरी ओनरशिपही स्वतःकडे घेता येत नाही. तेवढे दिवस थांबा. मग काका तुम्हाला प्रायमरी ओनर (मुख्य मालक) करतील आणि स्वतः बाहेर पडतील. हे सगळं काका शेजारी बसलेले असताना करा. वर्षभराने आठवण करून मागायला गेलं की ईमेल बंद पडलेला असतो, नाहीतर जुना फोन नंबर गेलेला असतो.

नाव बदलायला ओनरच असावं लागतं असं नाही, मॅनेजरलाही बदलता येतं. पण आधी मालकी मार्गी लावा. पुढे व्हेरिफिकेशन (व्यवसाय खरा आणि तुमचाच आहे याची पडताळणी) मागितलं तर सगळं तुमच्या हातात असलेलं बरं.

ॲपचं म्हणाल तर ‘गूगल माय बिझनेस’ हे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झालं आणि ते ॲप २०२२ मध्ये बंद झालं. आता लॉगिन करून गूगलवर आपल्याच व्यवसायाचं नाव शोधायचं. वरच एडिटची बटणं दिसतात. ‘एडिट प्रोफाइल’मध्ये नावाशेजारी पेन्सिल आहे. मॅप्समधूनही होतं.

पाऊलवाट

यात माझी एक भर, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तुमची पाटी बदलली आहे का?

लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी गूगलवर नाव बदलतात, मग पुढच्या महिन्यात पेंटर शोधतात. तपासणाऱ्याने, मग तो माणूस असो की यंत्र, पडताळायचं कशाशी? रस्त्यावरच्या फोटोत जुनी पाटी, वेबसाइटवर जुनं नाव, गिऱ्हाइकांनी टाकलेल्या फोटोंत जुनी पाटी, आणि अर्जात भलतंच नवं नाव. शंका येणारच. गूगलवरचं नाव ही जगात जे आहे त्याची नोंद असते. आधी ते जगात येऊ द्या.

म्हणून आधी पाटी. तिचा उजेडात, समोरून स्वच्छ फोटो काढून प्रोफाइलवर टाका. मग पावतीपुस्तक, शिक्का, भेटकार्ड. वेबसाइट असेल तर वरचं शीर्षक, पानाच्या तळाची ओळ आणि ‘संपर्क’ हे पान, तिन्ही. ज्याने साइट बनवली त्याला ‘लोकल बिझनेस स्कीमा’मधलंही (साइटच्या कोडमध्ये सर्च इंजिनसाठी लिहिलेली व्यवसायाची माहिती) नाव बदलायला सांगा. ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून राहून जातं आणि सर्च इंजिन मात्र तेच वाचतं. फेसबुक पेज असेल तर तेही. हे सगळं झालं की मग गूगलवर एकदाच, पाटीवरचं अक्षर अन् अक्षर जुळवून नाव भरा. पाटीवर ‘आणि’ आणि अर्जात ‘&’ असंही नको.

बदल बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत तपासून होतात, पण काही वेळा ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. पेंडिंग दिसत असेल तर तसंच राहू द्या. तुम्ही एका संध्याकाळी तीनदा पाठवलंत, ते पुन्हा करू नका. आणि नावाबरोबर त्याच दिवशी पत्ता, फोन, कॅटेगरी असलं काही बदलू नका. एका वेळी एकच.

लंबक

पाटी अजून जुनीच आहे. खरं सांगायचं तर बाबांचाच धीर होत नव्हता ती उतरवायचा, म्हणून मी ‘आधी ऑनलाइनचं करून घेऊ’ म्हणत होते. आज त्यांच्याशी बोलले. पेंटरला बोलावलं आहे.

व्हेरिफिकेशन खरंच पुन्हा मागतात का? आणि त्यात काय दाखवायचं असतं?

निळी शाई

नाव बदलल्यावर मागू शकतात, दर वेळी मागतीलच असं नाही. पद्धत आपण निवडत नाही, समोर जी येईल ती करायची. आजकाल बऱ्याच जणांना व्हिडिओ येतो. किमान ३० सेकंदांचा, न थांबवता, न कापता, फोनवरूनच काढलेला. त्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात. तुम्ही कुठे आहात (रस्ता, शेजारच्या इमारती, पाटी), तिथे खरंच ते काम चालतं (तुमची अवजारं, उघडलेली घड्याळं, काउंटर), आणि तो व्यवसाय तुमच्या हाती आहे (स्वतः कुलूप उघडणं, गल्ला किंवा फक्त तुम्हीच उघडू शकता असं कपाट). घाईत चालू नका, पाटीवर कॅमेरा दोन क्षण स्थिर धरा. लोकांचे चेहरे आणि बँकेचे कागद त्यात येऊ देऊ नका. तपासायला कामाचे ५ दिवस लागू शकतात.

व्हिडिओऐवजी पोस्टकार्डाने कोड पाठवायची पद्धत आली तर ते पोचायला १४ दिवसांपर्यंत लागतात आणि त्यावरचा कोड ३० दिवस चालतो. ते वाटेत असताना नाव-पत्त्याला पुन्हा हात लावू नका.

आणि नोंदणीचं प्रमाणपत्र, नव्या नावाचं वीज किंवा फोनचं बिल, करनोंदणी, भागीदारी संपल्याचा कागद हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये आत्ताच ठेवा. देव करो आणि वेळ न येवो, पण प्रोफाइल सस्पेंड झालं तर अपील सुरू केल्यावर पुरावे जोडायला फक्त ६० मिनिटं मिळतात. त्या तासात माणूस कपाटं उघडत बसतो. माझ्या बहिणीच्या क्लासच्या वेळी आम्ही हे भोगलं आहे.

लंबक

*अपडेट.* उशीर झाला, पण तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच केलं म्हणून झाला.

पाटी लागली. काकांनी मला ओनर केलं. सात दिवस झाल्यावर ते पुन्हा आले, बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि प्रायमरी ओनरशिप माझ्या नावावर केली. स्वतःचं नाव यादीतून त्यांनीच काढलं. वेबसाइटवरचं स्कीमामधलं नाव राहूनच गेलं असतं, साइट करणाऱ्या मुलाच्याही ते ध्यानात नव्हतं.

नाव एकदाच भरलं, नुसतं नाव. त्यावर व्हिडिओ मागितला. पहिल्या प्रयत्नात पाटीवर ऊन चमकत होतं म्हणून पाठवलाच नाही, संध्याकाळी पुन्हा काढला. रस्त्यापासून सुरुवात केली, पाटी, कुलूप, शटर, मग बाबांचं टेबल, भिंग, चिमटे, आणि शेवटी किल्लीने गल्ला. चौथ्या दिवशी नवं नाव दिसलं.

रिव्ह्यू सगळे आहेत. मी आधीच आकडा लिहून ठेवला होता, तो जुळला. बाबांची उत्तरंही आहेत. त्यांनी पहिल्या रिव्ह्यूपासून खाली सरकवत तपासलं.

कंदील

वा! आता दोन-तीन महिने प्रोफाइलवर नजर ठेवा. इतर ठिकाणच्या जुन्या माहितीवरून किंवा कुणाच्या सूचनेवरून गूगल परत जुनं नाव सुचवू शकतं. तसा बदल प्रोफाइलमध्ये दिसला तर लगेच नाकारा. आणि त्याचं मूळ बुजवायला बाकीच्या नोंदीही बदला. ॲपलच्या नकाशावरची नोंदही बदला. ‘बिंग प्लेसेस’मध्ये गूगलवरची माहिती सरळ इम्पोर्ट करता येते, तिथे फारसा वेळ जाणार नाही. शहरातल्या व्यवसाय-याद्या, संघटनेची यादी, जिथे जिथे जुनं नाव असेल तिथे एकेक करून.

लंबक

यादी केली आहे, रविवारी बसते.

शेवटचं एक विचारते. प्रोफाइलवर आमच्या जुन्या पाटीचे फोटो आहेत, काही आम्ही टाकलेले, काही गिऱ्हाइकांनी. ते काढून टाकावे लागतील का?

पाऊलवाट

गिऱ्हाइकांनी टाकलेले तुम्हाला थेट काढता येत नाहीत, आणि ते नियमात बसत असतील तर रिपोर्ट करण्यातही अर्थ नाही. तुम्ही टाकलेले काढता येतात, पण नवी पाटी कव्हरला असेल आणि तिचे आणखी चार-पाच फोटो असतील तर जुन्या एखाद्या फोटोने काही बिघडत नाही. जुन्या गिऱ्हाइकाला उलट खात्री पटते की जागा तीच आहे.

लंबक

मग एक ठेवते. त्यात पाटीखाली बाबा आणि काका दोघं उभे आहेत.