घटस्फोटाचा निकाल लागण्याआधी घर सोडताना

“घर सोडलेस की हक्क गेला,” असे मला जवळच्या माणसांनी इतक्यांदा सांगितले की त्या भीतीपोटी मी नको त्या घरात आणखी आठ महिने काढले. ज्यांनी निकालाआधी घर सोडले, किंवा विचारपूर्वक सोडले नाही, त्यांनी आपला अनुभव इथे मोकळेपणाने लिहावा. सुरुवात मी करते.

आमचा पुण्यातला फ्लॅट सासूबाईंच्या नावावर होता, त्यामुळे तिथे माझे काहीच नाही असे मी धरून चालले होते. तालुक्याच्या संरक्षण अधिकारी बाईंनी समजावले की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नुसार सामायिक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क मालकीवर अवलंबून नसतो, आणि सासू-सासऱ्यांचे घरही त्यात येऊ शकते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही मी निघाले, कारण आवाज चढला की माझी मुलगी पांघरुणात शिरून कान दाबून घ्यायची. तिचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि दागिन्यांच्या पावत्या मी आधीच शेजारच्या काकूंकडे ठेवल्या होत्या. आईने दिलेले पितळेचे पुरणयंत्र मात्र राहिले. पुढे स्त्रीधनाच्या यादीत मी ते पहिल्या ओळीत लिहिले. विनाकारण सलग दोन वर्षे सोडून राहणे हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते, म्हणून का निघाले हे दुसऱ्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने कळवले. त्या पोचपावतीने मला पुढे फार आधार दिला.

*

मी नाशिकचा. रोजची भांडणे मुलाच्या कानावर पडू नयेत म्हणून मी भावाकडे राहायला गेलो. गृहकर्ज दोघांच्या नावावर असल्याने हप्ता माझ्याच खात्यातून जात राहिला, त्याची मला तक्रार नाही. मुलाला दर शनिवारी भेटायचे हे मात्र आम्ही फक्त तोंडी ठरवले, आणि तिसऱ्याच शनिवारी त्याची चित्रकलेची वही हातात धरून मी इमारतीखाली दीड तास उभा राहिलो. न्यायालयाकडून भेटीचे दिवस ठरवून घेईपर्यंत पाच महिने गेले. बाहेर पडण्याआधी हे लिहून घ्यायला हवे होते.

*

मी लेकीची आई म्हणून लिहिते आहे. ती रात्री अकराला दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी आधी “जावयांना सांगून आलीस का?” असे विचारले. तिने चार दिवस पिशव्या उघडल्या नाहीत. तो प्रश्न विचारल्याची खंत मला आजही आहे.

*

आम्ही घर सोडले नाही. परस्परसंमतीच्या अर्जाआधी वर्षभर वेगळे राहावे लागते, पण परिस्थितीमुळे एका छपराखाली राहूनही पती-पत्नीचे नाते नसेल तर ते वेगळे राहणेच ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केल्याचे वकिलांनी सांगितले. मुंबईत दुसरे भाडे परवडणारेही नव्हते. शेगडीचा डावा बर्नर माझा, उजवा त्यांचा, असे आम्ही चौदा महिने काढले. अर्ज केल्यानंतर थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत माफ करण्याचा अधिकार २०१७ च्या निर्णयापासून न्यायालय वापरू शकते. आमच्या बाबतीत ती माफ झाली नाही, आणि तेवढे सहा महिने सर्वांत जड गेले.