मदत हवी आहे : उपग्रह चित्रातला हा रेल्वेचा वेढा कुठला असेल?

तिसरी_खिडकी

मंडळी, एका कोड्यात पुरती अडकले आहे. जाणकारांनी जरा हात द्यावा.

आधी खेळ सांगते. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आम्ही काही जण दर रविवारी उपग्रह चित्रावरून रेल्वेची जागा ओळखतो. ज्याची पाळी असेल त्याने गूगल अर्थवरची नावं, रस्ते, सगळे थर बंद करायचे आणि एक चौकोन कापून टाकायचा. उत्तर दिशा वर, मोजपट्टी खाली, बाकी काही नाही. इतरांनी जागा सांगायची आणि कशावरून ओळखली तेही सांगायचं. नुसतं स्टेशनचं नाव फेकलं तर अर्धेच गुण. ओपनरेल्वेमॅप उघडायला बंदी आहे, कारण त्यावर बंद पडलेल्या लाईनीसुद्धा दिसतात आणि मग खेळायचं काय?

एरवी माझं बरं चालतं. रत्नागिरीजवळचा पानवल पूल मी सावलीवरून ओळखला होता. ६४ मीटर उंचीचा तो पूल वरून नुसती रेघ दिसतो, पण दरीत पडलेल्या खांबांच्या सावल्या लपत नाहीत. दूधसागर तर पावसाळ्यातलं चित्र असेल तर लहान पोरही सांगेल, पांढरी रेघ थेट रुळांखालून निघते. भोर घाटाला मला सगळ्यात आवडते ती कॅच साइडिंग. मुख्य लाईनीतून एक तुकडा फुटतो, डोंगराच्या अंगाने चढतो आणि मध्येच संपतो. तिथे ना मालधक्का, ना कारखाना. उतारावर ताबा सुटलेली गाडी तिकडे वळवायची आणि चढावर दमवून थांबवायची, एवढंच त्याचं काम. रूळ असे विनाकारण चढून संपलेले दिसले की मी घाटच शोधायला लागते.

आताचं चित्र मात्र वेगळं आहे. डोंगराळ जंगल, बहुतेक पानगळीचं, मातकट तपकिरी. त्यातून एक बारीक पट्टा येतो, गोल वेढा घेतो आणि स्वतःलाच छेदून पुढे जातो. छेदतो तिथे पूल आहे, म्हणजे एक पट्टा वरून आणि दुसरा खालून. जवळ मोठं गाव नाही. विजेच्या खांबांच्या सावल्या नाहीत. रूळ शिल्लक आहेत की नुसता भराव, ते कळत नाही.

चित्र टाकणाऱ्याने "भारतातच आहे" एवढंच सांगितलंय. म्हणून श्रीलंकेचं डेमोदरा बाद. तिथे तर लाईन बोगद्यातून आपल्याच स्टेशनखालून जाते. दार्जिलिंगचा बतासिया लूपही बाद, कारण त्याच्या पोटात बाग आणि गोरखा सैनिकांचं स्मारक आहे, चहूकडे वस्ती आहे. इथे तसलं काहीच नाही.

माझे प्रश्न :
चित्रावरून गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ओळखता येतं का?
लाईन चालू आहे की बंद, हे कसं ठरवायचं?
आणि कृपा करून उत्तर देऊ नका, दिशा दाखवा. रविवारपर्यंत वेळ आहे.

---

गणित_बुडीत

गेज डोळ्यांनी मोजायच्या भानगडीत पडू नका. चांगल्यात चांगल्या फुकट चित्रात एक ठिपका साधारण ३० ते ५० सेंटिमीटरचा असतो. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००. फरक जेमतेम दोन ठिपक्यांचा, तोही खडीच्या रंगात विरघळून जातो.

त्यापेक्षा वळण मोजा. वळणावर दोन बिंदू घेऊन सरळ रेघ ओढा, ती जीवा. रेघेच्या मधोमध वळण किती बाहेर फुगलंय ते मोजा. जीवेचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, त्यात फुगवट्याचा निम्मा मिळवा, की त्रिज्या आली. जीवा २०० मीटर आणि फुगवटा २५ मीटर असेल तर त्रिज्या साधारण २१२ मीटर.

आता मर्यादा बघा. आपल्याकडे ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा घट्ट वळण चालत नाही, मीटरगेजला १०९ पर्यंत, अडीच फुटी नॅरोगेजला ४४ पर्यंत. त्रिज्या १७५ च्या आत आली तर ब्रॉडगेज गेलं. जास्त आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. सपाटीवर मीटरगेजचीही मोठी मोठी वळणं असतात.

चित्रात गाडी उभी असती तर काम आणखी सोपं होतं. जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा सव्वाएकवीस मीटरच्या आसपास, नव्या पद्धतीचा एलएचबी साडेतेवीस. दोन डब्यांमधल्या फटी दिसतात, त्यामुळे मोजताही येतं.

---

खडीफोड्या

ताई, खांबांच्या सावल्या नाहीत म्हणालात, ती खात्री आधी करा. सरळ लाईनीवर विजेचे खांब जास्तीत जास्त ७२ मीटरवर असतात, वळणावर त्याहून जवळ. म्हणजे तुमच्या चौकोनात असले तर ओळीने बरेच दिसायला हवेत, एखादा सुटला असं होत नाही. हल्ली ब्रॉडगेज जवळपास सगळं विजेवर गेलंय. चित्र ताजं असेल आणि खांब नसतील तर ती लाईन एक तर ब्रॉडगेज नाही, नाहीतर बंद आहे.

सावली कुठे शोधायची तेही सांगतो. ही चित्रं घेणारे बरेचसे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला, त्यामुळे सावली वायव्येला पडते. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, म्हणून सावली पश्चिमेला आणि किंचित दक्षिणेला झुकते. सावलीच्या दिशेवरून चित्राचा मोसम कळतो. तुमचं जंगल तपकिरी आहे, तेव्हा मार्च-एप्रिल धरून चला.

चालू की बंद, यासाठी मी फाटकं बघतो. चालू लाईनीवर रस्ता रुळांपाशी येताना दोन्ही बाजूंना वाहनं थांबून थांबून डांबर काळपट होतं, गेटवाल्याची खोली दिसते. बंद लाईनीवरून रस्ता बिनधास्त सरळ जातो. खडीही बघा. चालू असेल तर करडी, सोडून दिलेली असेल तर मातीने तांबूस आणि कडेने झुडपं आत सरकलेली.

---

उडाणटप्पू

शकुंतला! डोळे झाकून सांगतो.

---

गणित_बुडीत

@उडाणटप्पू, डोळे उघडा राव. शकुंतला गाडीची मूर्तिजापूर–अचलपूर लाईन सगळी सपाटीवर आहे. तिथे लाईन स्वतःभोवती कशाला फिरेल?

खरं तर ताईंनी हाच प्रश्न आधी विचारायला हवा. वेढा घालणं महाग पडतं, हौसेने कोणी घालत नाही. चढ कमी ठेवून उंची गाठायची असेल आणि दरीत लांबी वाढवायला दुसरी जागाच नसेल, तरच इंजिनिअर त्या वाटेला जातो. भोर घाटात १:३७ चा चढ (३७ मीटरला एक मीटर) सरळ स्वीकारला आणि मागून बँकर इंजिनं लावली. १८६३ ची मूळ लाईन तर मध्ये गाडी थांबवून उलटी वळवायची, रिव्हर्सिंग स्टेशनच होतं तिथे. वेढा हा तिसरा उपाय. एकच इंजिन, गाडी न उलटवता, बेताचा चढ.

हिशेब करा. वरच्या लाईनीखालून गाडी जायची तर दोन्हींमध्ये सात-आठ मीटरचं अंतर हवं. चढ १:१०० असेल तर एवढ्यासाठी सात-आठशे मीटर लाईन लागते. तुमच्या वेढ्याची लांबी मोजा आणि गूगल अर्थवर कर्सर फिरवून पुलापाशी आणि वेढ्याच्या दोन्ही टोकांशी उंची वाचा. चढ कुठल्या बाजूला आहे ते समजलं की पठार कुठे आणि खोरं कुठे हेही समजेल. मग नकाशावर शोधायची जागा निम्म्याने कमी.

---

तिसरी_खिडकी

वा, हे कामाचं आहे. कर्सरची युक्ती मात्र मला चालणार नाही, माझ्याकडे नुसतं कापलेलं चित्र आहे. जागा सापडली की मगच कर्सर.

वळण मोजलं. मीटरगेज की ब्रॉडगेज याचा निकाल त्यातून लागत नाही, पण नॅरोगेज लागावं इतकं घट्ट नक्कीच नाही. म्हणजे माथेरान वगैरे गेलं. सावल्या वायव्येला आहेत. खांब नाहीत, तीन वेळा ओळीने बघितलं. झाडं सागाची वाटतात, फांद्यांखाली जमीन दिसते.

मग साग, डोंगर, मीटरगेज असावं आणि बहुधा बंद. मध्य भारत?

---

वऱ्हाडी_ठसका

ताई, तुमी उत्तर नको म्हनता म्हनून गप बसलो होतो, पन आता राहवत नाही. आमच्या अकोटाहून खंडव्याच्या गाडीत बसलं का वान रोडच्या पुढं जंगल लागे. तिथं गाडी अशी फिरे का खिडकीतून आपलीच लाईन खाली दिसे, जिथून आताच आलो ती. नवा मानूस असला का उठून दारात येऊन पाहे. डायवर शिट्टी मारे, गाडी हळू होये, आन शेंगदाने इकनारा म्हने, घ्या बाप्पा, आता पुढं स्टेशनलोक काही भेटत नाही.

इतकंच सांगतो. स्टेशनाचं नाव तुमीच शोधा.

---

खडीफोड्या

याला दिशा म्हणतात होय! पत्त्यावर फक्त पिनकोड लिहायचा राहिला.

---

तिसरी_खिडकी

धूळघाट!!

सापडलं. अकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड असं एकेक करत वर सरकले आणि समोर तोच वेढा. पूल तसाच, जंगल तसंच. हसावं की रडावं कळेना, कारण मी सारखी ब्रॉडगेजचे घाट चाळत बसले होते.

वऱ्हाडी भाऊ, रागावले नाही हं. उलट ग्रुपवर कारणात तुमचा शेंगदाणेवालाच लिहिणार आहे. पण गुण पूर्ण हवेत म्हणून आता पुरावा गोळा करते. दोन गोष्टी सांगा कोणीतरी : ही लाईन कधी बंद झाली, आणि पुन्हा ब्रॉडगेज होऊन सुरू होणार आहे का? झाली तर वेढा राहील का?

---

खडीफोड्या

हा जुना मीटरगेज मार्ग. एके काळी जयपूरकडून खंडवा, अकोला, पूर्णा करत काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच वेढ्यातून जायची. अकोला–पूर्णा २००८ मध्ये ब्रॉडगेज झालं आणि वरचा तुकडा एकटा पडला. अकोला–खंडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झालं. अकोला–अकोट ब्रॉडगेजवर २०२२ मध्ये गाडी धावायला लागली.

अकोटच्या पुढे गाडं अडलं ते मेळघाटमुळे. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यातला हा एक. जुनी लाईन त्याच जंगलातून जाते. रुंदीकरण म्हणजे जास्त गाड्या, जास्त वेग, त्यावर वन्यजीववाल्यांनी आक्षेप घेतले. म्हणून हिवरखेडहून सोनाळा, जामोद अशा बाजूने, बुलढाणा जिल्ह्यातून जंगल टाळून जाणारा मार्ग पुढे आला. त्यामुळे रेल्वेसाठी तो वेढा आता इतिहासजमा झाला असंच धरा.

तुम्हाला खेळाच्या दृष्टीने एक सांगतो. डेस्कटॉपवरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाचं चिन्ह आहे, त्यातून जुनी चित्रं निघतात. २०१७ च्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवा, दोन्ही उन्हाळ्यातली घ्या. ऑक्टोबरचं घेतलंत तर सागाच्या पानांखाली सगळं झाकलेलं असेल आणि काहीच सिद्ध होणार नाही. पूर्वीच्या चित्रात खडीचा रंग आणि स्टेशनच्या आवारातल्या पाऊलवाटा बघा. लोक गाडीला येत होते तोवर त्या वाटा उघड्या जमिनीच्या राहतात.

आणि ओपनरेल्वेमॅपला बंदी असली तरी जुने सर्व्हेचे नकाशे चालतात का, हे विचारून ठेवा. अमेरिकन लष्कराने छापलेली जुनी नकाशापत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवली आहेत, भारताचीही आहेत. बंद पडलेल्या लाईनींसाठी तो खजिना आहे. मला ती फसवणूक वाटत नाही. नकाशा वाचणं हीसुद्धा मेहनतच.

---

गणित_बुडीत

मला वाटते. नकाशा बघून ओळखायचं तर चित्र कशाला टाकायचं?

---

खडीफोड्या

मग कर्सरने उंची वाचणं काय वेगळं आहे? तुम्हीच सुचवलंत.

---

उडाणटप्पू

भांडू नका. मला विदर्भ बरोबर आला होता, त्याचे पाव गुण द्या.

---

वऱ्हाडी_ठसका

तुमाले अर्धे देतो माह्या खिशातून. पन ताई, एक इनंती. शीर्षकात धूळघाट टाकू नका. माह्या पोरीच्या वर्गातली पोरं पन हा खेळ खेळतात, मी त्यायले याच रविवारी हेच चित्र देनार हाय.

---

तिसरी_खिडकी

शीर्षक तसंच ठेवते, भाऊ. पोरांना फक्त एवढं सांगा की स्टेशनलोक शेंगदाणे मिळत नाहीत.