विषय: क्लीनिंगच्या धंद्यात वर्कर्स कॉम्प (कामावर दुखापत झाली तर कामगाराला भरपाई देणारा विमा) घ्यावंच लागतं का?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मी रात्रीचं ऑफिस क्लीनिंग करते, एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या छोट्या कंपनीच्या) नावावर. आत्तापर्यंत मी आणि मिस्टर दोघंच होतो. आता वूडब्रिजचं मोठं काम मिळतंय, म्हणून तीन बायका कामावर घेतेय. जनरल लायबिलिटीचा विमा आहे, बाँडही काढलाय. डॅलसचे दीर म्हणतात, त्यांच्याकडे वर्कर्स कॉम्पची सक्ती नाही. बायकांना १०९९वर (पगारी कामगार न दाखवता स्वतंत्र काँट्रॅक्टर म्हणून) ठेव, म्हणजे तुलाही लागणार नाही, असंही ते म्हणतात. पण बिल्डिंगवाले या विम्याचं सर्टिफिकेट मागतायत. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

— अ. कु.

---

अ. ताई, नमस्कार.

मी प्रीमियम ऑडिटचंच (विम्याचा हप्ता बरोबर लागलाय का ते तपासायचं) काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. दिरांचं टेक्सासपुरतं बरोबर आहे, तिथे खाजगी मालकाला ती मुभा आहे. न्यू जर्सीत नाही. इथे एलएलसीच्या मेंबरांना, म्हणजे मालकांना, स्वतःसाठी सक्ती नाही, पण पहिली बाई कामाला लागली की पॉलिसी हवीच. मग ती पार्ट टाइम असो की रोखीने पगार घेणारी. मिस्टरांचं नाव मेंबर म्हणून लागलंय ना, तेही बघून घ्या. नसेल तर तेही कामगारांतच मोजले जातील.

लायबिलिटीवर विसंबू नका. गिऱ्हाइकाची काच फुटली किंवा ओल्या फरशीवर त्यांचं कोणी घसरलं, तर ती कामी येते. बाँड तुमच्या माणसाने गिऱ्हाइकाकडे चोरी केली तर. तुमची बाई कचऱ्याची पिशवी डंपस्टरकडे नेताना बर्फावर पडली आणि मनगट मोडलं, तर दोन्हींतून एक डॉलर निघत नाही.

आता १०९९. कामाची वेळ तुम्ही ठरवणार, मॉप-व्हॅक्यूम तुमचा, गिऱ्हाईक तुमचं आणि तिचं घर तुमच्या पैशांवर चालणार. मग कागदावर काहीही लिहिलं तरी कोर्ट तिला तुमची कामगारच धरेल. आणि प्रीमियम वाचेल म्हणाल, तर तेही नाही. प्रीमियम दर १०० डॉलर पगारामागे लागतो आणि वर्षअखेरीला आम्ही वह्या तपासतो. ज्या काँट्रॅक्टरकडे स्वतःचं वर्कर्स कॉम्पचं सर्टिफिकेट नाही, त्याला दिलेली रक्कम आम्ही तुमच्या पगारातच धरतो. म्हणून पगाराचा अंदाज आधीच खरा द्या, नाहीतर ऑडिटनंतरचं बिल एकदम अंगावर येतं.

पॉलिसी नसेल तर पहिल्या दहा दिवसांसाठी ५,००० डॉलरपर्यंत दंड, पुढे दर दहा दिवसांना आणखी ५,०००पर्यंत. जाणूनबुजून टाळलं असं ठरलं तर फौजदारी गुन्हा. इथे सरकारी विमा फंड नाही, पॉलिसी खाजगी कंपनीकडूनच घ्यावी लागते. दोन-तीन ब्रोकरांकडून कोट मागवा.

— वि. (पिस्कॅटवे)

---

अ. ताई,

मी इथे आल्यावर काही वर्षं हेच काम केलंय, म्हणून त्या तिघींच्या बाजूने लिहिते. वि. दादांनी दंडाचं सांगितलं, पण पॉलिसीचा खरा उपयोग त्या बायकांना आहे. चूक कोणाची हे न बघता उपचाराचा पूर्ण खर्च मिळतो. सात दिवसांहून जास्त घरी बसावं लागलं तर आठवड्याच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, सरकारने ठरवलेल्या मर्यादेत. डॉक्टर मात्र मालक किंवा विमा कंपनी ठरवते. कागदपत्रं नसलेल्या बाईलाही हा हक्क आहे. हे तिला कोणी सांगत नाही, म्हणून ती मुकाट्याने दुखणं अंगावर काढते. माझ्यासोबतची एक बाई खांदा धरून आठवडाभर व्हॅक्यूम ओढत राहिली, का तर बोललो तर काम जाईल. खांदा, मनगट, दम लागणं, असं हळूहळू जडलेलं दुखणंही कामामुळे असेल तर कायद्यात बसतं.

तुम्ही पहिल्याच दिवशी तिघींना त्यांच्या भाषेत सांगा: लागलं, भाजलं, चक्कर आली तर त्याच रात्री फोन करायचा. पॉलिसीची नोटीस सामानाच्या कपाटाला आतून चिकटवा, तिथे त्यांची नजर रोज जाते. आणि ब्लीच व अमोनियाचं क्लीनर एका बादलीत कधी पडू देऊ नका, त्याचा वायू थेट छातीत जातो. मी बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवून त्यांना लाल आणि निळी चिकटपट्टी लावायचे.

वूडब्रिजच्या कामाचा रेट ठरवताना प्रीमियम त्यात आधीच धरा, बायकांच्या तासाच्या पैशांतून कापू नका.

— शो. (ईस्ट ब्रन्सविक)