दरमहा जाहीर होणाऱ्या बेरोजगारीच्या आकड्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी कोठे दिसते?

मच्छेकर (प्रश्न)

नमस्कार. महिन्याच्या मध्याला बेरोजगारीचा दर जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी ‘बेरोजगारी घटली’ किंवा ‘वाढली’ असा मथळा वाचायला मिळतो. हा आकडा कर्नाटकासाठी महिनावार मिळतो का, आणि मिळत असल्यास त्यावरून आपल्या सीमाभागाविषयी काही ठरवता येते का? उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत फाटकाफाटकावर ‘हेल्पर पाहिजेत’ असे कन्नड-मराठी फलक लटकत असतात आणि त्याच वेळी गल्लीत पदवीधर मुले घरी बसलेली दिसतात, तेव्हा नेमके खरे काय समजावे? आणखी एक शंका अशी, की माझा पुतण्या मच्छेत राहतो, पण कामाला रोज शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे महाराष्ट्रात जातो. त्याची गणना कोणत्या राज्यात होते?

टिळकवाडीकर

आपण ज्या आकड्याविषयी लिहिले आहे तो केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून येतो. हे सर्वेक्षण एप्रिल 2017 मध्ये सुरू झाले, जानेवारी 2025 पासून त्याची पद्धत बदलली आणि पहिले मासिक पत्रक मे 2025 मध्ये निघाले. मात्र मासिक पत्रकात केवळ संपूर्ण देशाचे अंदाज असतात. राज्यांसाठी तिमाही आणि वार्षिक प्रकाशनांकडेच पाहावे लागते. त्यामुळे ‘गेल्या महिन्यात कर्नाटकात बेरोजगारी वाढली’ असे कोणी या पत्रकाच्या आधारे म्हणत असेल, तर त्याला आधार नाही.

दुसरी गोष्ट व्याख्येची. मासिक दर चालू साप्ताहिक स्थितीवर काढतात. सर्वेक्षणाच्या आधीच्या 7 दिवसांत एखाद्याने एका दिवशी किमान एक तास काम केले असेल, तर तो रोजगारात धरला जातो, आणि तेवढेही काम न करता जो काम शोधत होता किंवा कामासाठी उपलब्ध होता, तोच बेरोजगार ठरतो. वार्षिक अहवालात मात्र मागील 365 दिवसांवर आधारलेली नेहमीची स्थितीही दिलेली असते. 2023-24 मध्ये 15 वर्षांवरील लोकांचा देशपातळीवरील दर नेहमीच्या स्थितीनुसार 3.2 टक्के आणि साप्ताहिक स्थितीनुसार 4.9 टक्के होता. वर्ष तेच, सर्वेक्षण तेच, तरी दोन आकड्यांत एवढी तफावत पडते. वर्तमानपत्रे यांतला कोणता आकडा छापला हे क्वचितच सांगतात, आणि निम्मा गोंधळ तेथेच होतो.

महिन्यामहिन्यांतील चढउतारही जपून वाचावेत, कारण या आकड्यांतून हंगामाचा परिणाम वजा केलेला नसतो. एप्रिल 2025 चा 5.1 टक्के दर मे महिन्यात 5.6 टक्क्यांवर गेला, तेव्हा रब्बीची कामे संपली होती आणि उन्हाचा कडाकाही होता. आपल्या जिल्ह्यात तर वर्षाचे गणित उसावर चालते. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांचे हंगामी कामगार, ट्रॅक्टरचालक, ऊसतोड टोळ्या अशा सर्वांच्या हाताला काम असते. बॉयलर थंडावला की तीच माणसे पुढील हंगामापर्यंत मिळेल ते काम पाहतात. खानापूरकडे धूळवाफ (पावसाआधी कोरड्या जमिनीत होणारी) पेरणी ते भाताची रोपलावण या काळात याच्या उलट चित्र दिसते. म्हणून फेब्रुवारीची तुलना जूनशी न करता मागील वर्षीच्या फेब्रुवारीशी करावी.

भट्टीवाला

मी एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पगारपत्रकाचे काम पाहतो, म्हणून पुतण्याच्या प्रश्नापुरते लिहितो. श्रमबल सर्वेक्षण घरोघरी जाऊन होते, त्यामुळे माणूस जेथे राहतो तेथे मोजला जातो. मच्छेतील घर निवडले गेले, तर आपला पुतण्या कर्नाटकातील रोजगारात येईल. भविष्य निर्वाह निधी संघटना दरमहा जे आकडे प्रसिद्ध करते ते मात्र आस्थापनांच्या नोंदींवरून येतात, म्हणून तेथे तोच मुलगा महाराष्ट्राच्या खात्यावर दिसेल. याउलट बेळगावात काम करणाऱ्या एखाद्या मुलाच्या ठेकेदाराची नोंदणी बेंगळूरची असेल, तर तो आपल्या जिल्ह्याच्या नावावर दिसणारच नाही. सीमेवरच्या तालुक्यांत हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

निधीच्या आकड्यांना ‘नव्या नोकऱ्या’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे तीही चुकीची आहे. तो आकडा निव्वळ भरतीचा असतो, म्हणजे नवे सभासद अधिक परत आलेले, वजा सोडून गेलेले. पुढील महिन्यांत त्यात दुरुस्त्याही होतात. एखाद्या कारखान्याची कामगारसंख्या 19 वरून 20 झाली आणि त्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू झाला, की आधीपासून मोल्डिंग-फेटलिंग (साचे घालणे व ओतीव साफ करणे) करणारे सगळे कामगार कागदावर एकाच महिन्यात ‘नवे’ होतात. प्रत्यक्षात काम वाढलेले असते एका माणसाचे. उद्यमबागेतील कित्येक छोटी वर्कशॉप 20 च्या खालीच असल्याने या आकड्यांत कधीच येत नाहीत.

फलकांविषयी एवढेच, की भट्टीपुढच्या उष्णतेत आणि वाळूच्या धुळीत, तेही हेल्परच्या पगारावर, पदवीधर मुलगा येत नाही. आणि त्याने का यावे, हेही मला कळत नाही.

निपाणीकर

वरील दोन्ही उत्तरांना एक पुरवणी जोडते. बेरोजगारीचा दर कमी असणे म्हणजे लोकांचे बरे चालले आहे, असे आमच्या भागात तरी धरता येणार नाही. घरातली कामे उरकून उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई या व्याख्येनुसार रोजगारात असते आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही रोजगारातच असते. दोघींच्या हाती काय पडते, हे त्या दरातून समजत नाही. म्हणून दराबरोबर स्वयंरोजगारी, नैमित्तिक मजूर आणि नियमित वेतनदार यांचे प्रमाणही पाहावे. ते तक्ते वार्षिक अहवालात असतात.

मच्छेकर

सर्वांचे आभार. मग युवा निधी या कर्नाटक सरकारच्या बेरोजगार भत्त्यासाठी आलेले अर्ज जिल्ह्यातील सुशिक्षित बेरोजगारांची संख्या म्हणून धरता येतील का?

टिळकवाडीकर

नाही. ती योजना उत्तीर्ण होऊन सहा महिने झाल्यावरही नोकरी न मिळालेल्या पदवी व पदविकाधारकांपुरती आहे आणि भत्ताही जास्तीत जास्त दोन वर्षेच मिळतो. पाच वर्षांपूर्वी पदवी घेऊन आजही घरी असलेला मुलगा त्या यादीत नसतो. जिल्ह्यापुरते पाहायचे असेल, तर भविष्य निर्वाह निधीचे आकडे आणि श्रमबल सर्वेक्षणाचे तिमाही अंदाज शेजारी ठेवून, मागील वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहावेत. मात्र तिमाही अंदाज राज्याचे असतात, जिल्ह्याचे नव्हेत, हे ध्यानात असू द्यावे.